आधी ॲक्सल, मग चाक : जुन्या पिकअपच्या प्रकल्प नोंदी, यावल-रावेर पट्टा

६ नोव्हेंबर २०२४

गाडी महिंद्राची, जीपच्या सांगाड्यावरची जुनी पिकअप. मागची दोनच चाकं चालणारी, पुढे-मागे पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या), चार गिअरचा बॉक्स, १५ इंची डिस्क, म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक. काम केळीचं : मळ्यातून घड उचलायचे आणि फैजपूर-सावद्याकडे पॅकिंगला पोचवायचे. ठिबकचं पाणी सुरू असलेल्या काळ्या मातीत भरलेली गाडी बाहेर निघत नाही आणि पालच्या घाटात दुसऱ्या गिअरवर दम टाकते. मालकाची मागणी मोठ्या, रुंद चाकांची आहे.

गाडी घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) घेऊन मागचं चाक फिरवलं. उजव्या बाजूला रिम वरखाली नाचते, डाव्या बाजूचा ऑइल सील गळून ब्रेकचे लायनर भिजलेले. डिस्क बदलून पाहिली तरी उजवीकडचं नाचणं तसंच. म्हणजे दोष डिस्कमध्ये नाही, चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या फ्लँजमध्ये (टोकाच्या तबकडीत) किंवा हौसिंगमध्ये (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचात) आहे.

हौसिंग वाकलंय का हे गाडीखालीच कळतं. दोन्ही मागच्या चाकांच्या रिमवर हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) उंचीला खडूने खूण करायची. पुढच्या बाजूने रिम ते रिम अंतर घ्यायचं, मग चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागे आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. खूण तीच राहिल्यामुळे रिमचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. दीड मिमीपर्यंतचा फरक चालून जातो. इथे तो ५ मिमी आला, जवळजवळ दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अशा हौसिंगवर नवे बेअरिंग, नवे सील टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. अख्खा ॲक्सल बदलायचं ठरलं.

चाकांची चौकशी तूर्त बंद. चाकाचा पीसीडी (स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बसण्याचं तोंड किती सरकलेलं ते), स्टडची म्हणजे चाकाचे नट बसतात त्या बोल्टची लांबी, ब्रेकला लागणारी जागा हे सगळं ॲक्सल ठरवतो. आधी चाकं आणून ठेवली की पुढे स्पेसर (चाक आणि हबमधली जाड चकती) लावून तोडगे काढावे लागतात, आणि स्पेसरवर केळीचा भार टाकायची आमची तयारी नाही.

९ नोव्हेंबर

भंगारात जाण्याआधी जुन्या ॲक्सलची मापं कागदावर घेतली. हा कागद खिशात नसेल तर बाजारात प्रत्येक हौसिंग 'बसेल' असंच वाटतं.

हबच्या चाक बसणाऱ्या तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत १४१८ मिमी. पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ९९४. पाट्याची रुंदी, सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यास, हौसिंगच्या ट्यूबचा बाहेरचा व्यास, ॲक्सल पाट्याला बांधणाऱ्या यू बोल्टची जाडी. हौसिंगच्या मध्यरेषेपासून पिनियन (ॲक्सलमधला छोटा दाती गिअर) फ्लँजच्या तोंडापर्यंतचं अंतर. पिनियन गाडीच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे ते. शॉकॲब्सॉर्बरचे कान, ब्रेक पाइपचा टी, हँडब्रेकच्या केबलची लांबी.

स्टड पाच. पाच स्टडमध्ये समोरासमोर स्टड नसतो, म्हणून पीसीडी थेट मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर व्हर्निअरने घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. इथे ८२.१ मिमी आलं, म्हणजे १३९.७, जीपचा जुना साडेपाच इंची पीसीडी. ११४.३ चा पीसीडी असता तर हेच अंतर ६७.२ आलं असतं. स्टडच्या मध्याचा अंदाज येत नसेल तर एका स्टडच्या डाव्या कडेपासून पुढच्या स्टडच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, आकडा तोच येतो.

स्टड अर्धा इंची, इंचाला २० आटे. जीपच्या घराण्यात डाव्या बाजूला उलटे आटे सापडतात. स्टडच्या टोकावर तशी खूण असते, पण गंजात दिसत नाही. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी तार-ब्रशने टोक घासून बघावं.

१३ नोव्हेंबर

ॲक्सलच्या गुणोत्तराचा हिशेब, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला जॉइंट शाफ्टचे (गिअर बॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचे) फेरे किती. एक मागचं चाक जमिनीवर, एक उचललेलं, गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना ओट (अडण) लावलेली. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवलं की जॉइंट शाफ्ट जितके फेरे घेईल तेच गुणोत्तर, कारण एक चाक धरलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउनचा (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या दाती चक्राचा) एक फेरा होतो. अंदाज नेमका हवा तर चाकाचे वीस फेरे घ्या आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागा. इथे ४१ आले : क्राउन ४१ दाती, पिनियन १० दाती, ४.१०.

गाडीवर सध्या २१५/७५ आर १५ टायर. व्यास ३८१ अधिक दोनदा १६१.२५, म्हणजे ७०३.५ मिमी. मळ्यासाठी २३५/७५ आर १५ हवा, त्याचा व्यास ७३३.५. फरक सव्वाचार टक्के. जुन्या क्राउन-पिनियनवर नुसते हे टायर चढवले तर ४.१० चं गुणोत्तर ३.९३ सारखं वागेल. मोठं चाक चिखलात थोडं उंच राहील, पण ओढ कमी होईल आणि घाटात गाडी आजच्याहून लवकर थकेल. मोठ्या चाकांनंतर क्लच प्लेट वरचेवर जाते, त्याचं कारणही हेच.

बाजारात मिळणारे क्राउन-पिनियनचे जोड आणि २३५ च्या टायरवर टॉप गिअरमध्ये ६० च्या वेगाला इंजिनचे फेरे असे (भाराखाली टायर थोडा बसतो, त्याचे तीन टक्के वजा धरले आहेत) :

४१ ला ९, म्हणजे ४.५६ : सुमारे २०४०. आजच्यापेक्षा ओढ साडेसहा टक्के जास्त.
३९ ला ८, म्हणजे ४.८८ : सुमारे २१८०. ओढ १४ टक्के जास्त.
४३ ला ८, म्हणजे ५.३८ : सुमारे २४००. ओढ जवळजवळ २६ टक्के जास्त.

आज छोट्या टायरवर हाच आकडा सुमारे १९१० आहे. ५.३८ चा जोड विलीसच्या (जीपच्या मूळ अमेरिकी कंपनीच्या) काळापासूनचा. नुसत्या मळ्यात फिरणाऱ्या गाडीला तो उत्तम, पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रोज धावायचं तर जुन्या डिझेल इंजिनाला दिवसभर २४०० वर ताणणं बरं नाही, त्यातही एप्रिल-मेच्या उन्हात. ४.८८ शोधायचा, तो नाहीच मिळाला तर ४.५६.

गाडी चारही चाकं चालणारी असती तर पुढच्या ॲक्सलचं गुणोत्तरही तेच करावं लागलं असतं. दोन्हीत फरक राहिला की डांबरी रस्त्यावर चार चाकांचा गिअर टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा बॉक्स) ताणाखाली येते आणि काहीतरी तुटतं.

१८ नोव्हेंबर

जळगाव आणि धुळ्याच्या भंगारात विचारपूस. पाहण्यासारखी तीन हौसिंगं मिळाली.

पहिलं जुन्या जीपचं, ४३/८. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी घालून बसवलेले. तोंड ते तोंड माप आपल्यापेक्षा ८० मिमीहून जास्त आखूड. चावीची खाच एका बाजूला रुंदावलेली, म्हणजे हब ढिला चालवला गेलाय. अशी खाच भारात शाफ्टला चीर पाडते. सोडलं.

दुसरं टाटा ४०७ जातीचं, फुल फ्लोटिंग. लोक याच्यावर भाळतात, कारण यात भार शाफ्टवर नसून हबच्या दोन बेअरिंगवर असतो आणि शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. सेमी फ्लोटिंगमध्ये तुटलेला शाफ्ट चाकासकट बाहेर येतो, ते भय खरं आहे. पण ४०७ चा मागचा ॲक्सल जोडटायरसाठी घडवलेला आहे : डिस्कचा ऑफसेट वेगळा, चाकाचा घेर वेगळा, ब्रेक मोठे. पिकअपखाली तो घालायचा तर पुढची चाकंसुद्धा जुळत नाहीत आणि स्टेपनी दोन ठेवाव्या लागतात. शिवाय पाट्यांखालचं वजन वाढून रिकामी गाडी उड्या मारते. सोडलं.

तिसरं आपल्याच घराण्यातल्या पिकअपचं. सरळ फ्लँजचे शाफ्ट, मागून झाकण, स्पायसर (ॲक्सल बनवणारी अमेरिकी कंपनी) पद्धतीचं. तोंड ते तोंड १४२६, पाट्यांच्या बैठका ९८० वर. झाकण उघडून दात मोजले : ३९ आणि ८. क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोड क्रमांक एकच. हे बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत. दोन वेगळ्या गाड्यांतला क्राउन आणि पिनियन एकत्र बसवला की तो कितीही शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) घातले तरी ओरडतच राहतो. तेलात चमकी होती पण दाताचा तुकडा नव्हता. झाकणाच्या आत पाणी शिरल्याची पिवळट साय नाही.

रिमच्या खुणांची पद्धत इथे चालत नाही, म्हणून हौसिंगच्या दोन्ही टोकांना सरळ पट्टी लावून ट्यूबच्या मागून आणि खालून दोरा ताणला. एक मिमीच्या आत सरळ. घेतलं. पावती घेतली आणि ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर कागद नसलेल्याच्या गळ्यात पडतो.

२१ नोव्हेंबर

कागदाची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच घराण्यातला, त्याच क्षमतेचा ॲक्सल बसवणं ही दुरुस्ती आहे. पण मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचा आकार आणि ॲक्सलनिहाय वजनही असतं. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि तिथे हेच तपासलं जातं. म्हणून टायरच्या आकारासाठी जळगाव आरटीओत, एमएच १९ च्या फाइलवर, आधी अर्ज. उत्तर येईपर्यंत टायर विकत घ्यायचे नाहीत. ॲक्सल दणकट वाटतो म्हणून वजनाची मर्यादा वाढत नाही, ती आरसीवरचीच.

२५ नोव्हेंबर

ॲक्सल खोलला. साइड बेअरिंग खडबडीत, पिनियनचं पुढचं बेअरिंग निळं पडलेलं. तेल कमी असताना चढावर चालवल्याची ही खूण : चढावर तेल मागे जातं आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. दात मात्र एकसारखे घासलेले, कुठे खड्डा नाही. दात शाबूत असल्यामुळे बेअरिंग सगळे नवे, क्राउन-पिनियन तोच.

वापरलेल्या जोडाला नव्या जोडासारखं वागवायचं नाही. दात एकमेकांना घासून बसलेले असतात, त्यांची जागा हलवली की आवाज सुरू. म्हणून शिम काढताना डावे-उजवे वेगळे तारेत ओवून ठेवले, पिनियनमागचे वेगळे. त्याच जागी तेच शिम परत. जुन्या बेअरिंगवर बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) ०.२८ मिमी होता, नव्यावर त्याच शिममध्ये ०.२० आला. ०.१० ते ०.२३ च्या आत आहे, पुढे छेडछाड नाही. डायल गेज क्राउनच्या दाताला काटकोनात टेकवायचा आणि चार ठिकाणी मोजायचं. चारही ठिकाणी फरक ०.०५ च्या वर गेला तर क्राउनचा बोल्ट किंवा बैठक तपासावी. बैठकीत अडकलेला एक कचकच करणारा कणही एवढा फरक पाडतो.

शेंदूर तेलात कालवून आठ-दहा दातांवर लावला, शाफ्टला हाताने रोख देत क्राउन फिरवला. ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे. ठसा दाताच्या शेंड्यावर पडला असता तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, मागचे शिम वाढवायचे. बुडाशी पडला तर उलट. शेंदरात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नये.

पिनियनचं नट कसताना बेअरिंगला दाब किती आहे हे सीलशिवाय, क्राउन न बसवता मोजावं. नव्या बेअरिंगला फिरवायला २.३ ते ४.५ न्यूटन मीटर लागले पाहिजेत. टॉर्कचा छोटा पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढा : ५० मिमी त्रिज्येच्या फ्लँजवर सव्वासहा किलोचा ओढा म्हणजे सुमारे ३ न्यूटन मीटर.

२ डिसेंबर

बैठका. पाट्यांचा मध्य ९९४, हौसिंगवरच्या बैठका ९८०, म्हणजे प्रत्येक बाजूला ७ मिमी बाहेर हव्यात. ही ७ मिमी दुर्लक्षित करून पाटा यू बोल्टने ओढून बसवणारे गॅरेज आहेत. तसं केलं की पाटा कायम तिरका ताणलेला राहतो, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश खातो आणि सेंटर बोल्ट तुटतो. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूने मागे सरकून गाडी खेकड्यासारखी चालते.

जुन्या बैठका ग्राइंडरने कापल्या, ट्यूबला चरा न पडू देता. नव्या बैठका आधी हौसिंगवर सुट्या ठेवून ॲक्सल गाडीखाली चढवला आणि गाडीवर निम्मा भार टाकला. गिअर बॉक्सचा मागचा फ्लँज ३.५ अंश खाली झुकलेला होता. पिनियनचं नाक तेवढंच वर असलं की जॉइंट शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वळते सांधे) एकमेकांचा झटका खाऊन टाकतात. पण भार ओढताना पाटे पिळतात आणि नाक आणखी वर येतं, म्हणून एक अंश कमी धरून २.५ वर बैठका टाके मारून पक्क्या केल्या. कोन मोबाइलवर मोजला तरी चालतो, पण मोबाइल फ्लँजच्या घासून पुसलेल्या तोंडावर ठेवावा, हौसिंगच्या ओतीव भागावर नव्हे.

पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून. ७०१८ ची ३.१५ मिमी कांडी, भट्टीत वाळवलेली. एका वेळी २५ ते ३० मिमी, मग दुसऱ्या बाजूला, मग पलीकडच्या बैठकीवर. ट्यूब हाताला सोसवेल इतकी थंड झाल्यावर पुढचा टाका. सलग मारलं की ट्यूब केळीच्या आकारात ओढली जाते आणि आपण जे टाळण्यासाठी ॲक्सल बदलला तेच पदरी पडतं. अर्थची पकड ट्यूबवरच, वेल्डच्या जवळ. ड्रमला लावली तर विद्युतप्रवाह बेअरिंगच्या गोट्यांमधून जातो. मधल्या ओतीव भागाच्या जवळ वेल्ड नको.

थंड झाल्यावर दोरा पुन्हा ताणला : फरक एक मिमीच्या आत.

९ डिसेंबर

ॲक्सल गाडीखाली. यू बोल्ट नवे, अर्धा इंची, तिरप्या क्रमाने कसत ७५ न्यूटन मीटरवर. जुने यू बोल्ट ताणलेले असतात, त्यांच्यावर टॉर्क दाखवला तरी पकड बसत नाही.

नव्या हौसिंगचं पिनियन नाक २२ मिमी लांब निघालं, म्हणजे जॉइंट शाफ्ट तेवढा जास्त लांब. तसाच कोंबला असता तर रिकाम्या गाडीत स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा सरकता जोड) तळाला टेकून गिअर बॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर घण बसले असते. लेथवर ट्यूब २२ मिमीने कापली, दोन्ही टोकांच्या काट्यांचे कान एका रेषेत ठेवून वेल्ड, मग बॅलन्सिंग. कान एका रेषेत नसतील तर कितीही बॅलन्स करा, ४० च्या पुढे गाडी थरथरते. रिकाम्या अवस्थेत स्लिप तळापासून २५ मिमी बाहेर ठेवली. भार पडला की पाटे सपाट होऊन ॲक्सल मागे जातो, तेव्हाही स्लिप पुरेशी आत राहते हे पोती टाकून पाहिलं.

ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट. हौसिंगवरचं टोपीवालं बटण काढून तिथे निपल, त्यावर ८ मिमी रबरी नळी, चेसिसच्या वरून बॉडीच्या कडेपर्यंत. गरम ॲक्सल पाण्याने भरलेल्या सरीत उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून गाळ ओढून घेते. ब्रीदर बुजला तर उलट, तेल सील फोडून लायनरवर येतं. जुन्या ॲक्सलचा डावा सील असाच गेला होता, त्याचा ब्रीदर मातीने घट्ट भरलेला निघाला.

गिअर ऑइल ईपी ९०, दर्जा जीएल-५, फिलरच्या ओठापर्यंत, गाडी सपाटीवर.

१५ डिसेंबर

ब्रेक. नव्या ॲक्सलच्या ड्रममध्ये चाकाचा सिलिंडर एक इंची, जुन्यात पाऊण इंच अधिक एक सूत, म्हणजे सात अष्टमांश. दिसायला फरक एका सुताचा, पण क्षेत्रफळात एक इंची ३० टक्के मोठा. तेवढाच जास्त जोर मागच्या चाकांवर जातो, आणि भरलेल्या गाडीत ते छान वाटलं तरी रिकामी परतताना ओल्या रस्त्यावर मागचं आधी जाम होऊन गाडी फिरते. बॅकप्लेटची भोकं जुळत होती, म्हणून सात अष्टमांशचे नवे सिलिंडर लावले. भोकं जुळत नसती तर हा ॲक्सलच परत केला असता.

ड्रम लेथवर घासण्याआधी त्यावर कोरलेला कमाल व्यास पाहिला. हवा काढायचा क्रम : डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. हँडब्रेकची केबल १० मिमी कमी पडत होती, कान सरकवून जुळवली.

२३ डिसेंबर

आरटीओचं काम मार्गी लागलं. आता चाकं.

जुनी डिस्क साडेपाच इंच रुंद. मागून पट्टी टाकून रिमच्या कडेपासून बसण्याच्या तोंडापर्यंत ११० मिमी. ऑफसेट काढायचा तर रिमच्या रुंदीत एक इंच मिळवून अर्धं करा आणि या मापातून वजा करा : साडेसहा इंच म्हणजे १६५, अर्धे ८२.५, उरले अधिक साडेसत्तावीस, पुढच्या हिशेबात २७ धरले.

दुकानांत आणि भंगारात जे दिसलं :

मारुती जिप्सीचे अलॉय (मिश्रधातूची चाकं). पीसीडी १३९.७ च आहे, स्टडवर छान सरकतात, म्हणून बरेच लोक फसतात. जिप्सी हलकी गाडी, तिच्या चाकाला पिकअपच्या मागच्या ॲक्सलचा भार कोणी विचारलेला नाही. घेतले नाहीत.

सात इंची पांढरे स्पोक डिस्क, ऑफसेट शून्य. दिसतात रुबाबदार. पण चाकाचा मध्य बेअरिंगपासून २७ मिमी बाहेर जातो. सेमी फ्लोटिंग शाफ्टवर हा भार तरफेसारखा पडतो आणि बाहेरचं बेअरिंग आधी जातं. पुढे किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीवर) तोच ताण, स्टेअरिंग खड्ड्यागणिक हातातून निसटतं. सोडले.

सहा इंची पोलादी डिस्क, मागचं माप १०९, म्हणजे ऑफसेट अधिक २०. बेअरिंगपासून फक्त ७ मिमी बाहेर. २३५/७५ आर १५ ला सहा इंच ही किमान रुंदी आहे, त्यामुळे चालते. आतला हिशेब : नवा टायर तोंडाच्या आत १३५ मिमी येतो, जुना १३२.५ येत होता. पण ॲक्सल प्रत्येक बाजूला ४ मिमी रुंद, म्हणून पाट्यापासूनची फट दीड मिमीने वाढलीच. बाहेर टायर २०.५ मिमी जास्त येतो, मडगार्डच्या आतच राहतो. हीच घेतली, पाच नग.

घेताना तपासलं ते असं. रिमच्या आतल्या कडेला हवा धरून ठेवणारा उंचवटा आहे का; जुन्या ट्यूबच्या रिमला तो नसतो, तिच्यावर ट्यूबलेस टायर वळणावर हवा सोडतो. रिव्हेटवाली डिस्क असेल तर ट्यूबच घालावी. स्टडच्या भोकांची निमुळती बैठक झिजून अंडाकृती झाली आहे का. आणि डायल गेजवर नाच : बाजूचा आणि वरखालीचा, दोन्ही दीड मिमीच्या आत.

टायरचा भार. मागच्या ॲक्सलवर १६०० किलो धरले तर एका टायरवर ८००. लोड इंडेक्स १०० म्हणजे बरोबर ८००, काठावरच. १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १०३०. आपल्याला १०९ हवा. बाजूच्या चार आकड्यांवरून बनवल्याचा आठवडा आणि वर्ष बघायचं; दुकानात तीन उन्हाळे काढलेलं रबर इथल्या ४५ अंशांत लवकर तडकतं.

२८ डिसेंबर

चाकं चढवली. आधी ड्रमच्या तोंडावरची गंजाची कड आणि ड्रम धरणाऱ्या स्क्रूचं बाहेर आलेलं डोकं काढलं. डिस्कच्या बसण्याच्या तोंडावरचा जाड रंग पत्र्याच्या चकाकीपर्यंत खरवडला. हा रंग सगळ्यांत घातकी : कसताना घट्ट वाटतो, पुढे दबतो, आणि तेवढीच पकड नटांतून निघून जाते. शंभर किलोमीटरवर नट ढिले निघाले तर दोष बहुतेक वेळा पान्याचा नसतो, या रंगाचा असतो.

नट स्टडवर निदान दहा पूर्ण फेरे चढला पाहिजे. इंचाला २० आटे, म्हणजे अर्धा इंच पकड. इथे १३ फेरे. कसायचा क्रम एक सोडून एक, ११० न्यूटन मीटर, चाक जमिनीला टेकवून.

एक मागचं चाक फळ्यांच्या थप्पीवर चढवून पाटे पूर्ण पिळले : टायर आणि पाट्यात २६ मिमी. पुढे पूर्ण वळवून पाट्याला स्पर्श नाही.

६ जानेवारी २०२५

जिनिंगच्या काट्यावर वजन. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एक घड सरासरी २० किलो धरला तर ५० घडांचे १००० किलो. घड बॉडीच्या मागच्या टोकाला रचले की पुढचं वजन घटतं आणि स्टेअरिंग हलकं पडतं. केबिनला टेकवून रचल्यावर मागचा ॲक्सल आरसीच्या आकड्याच्या आत राहिला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरली.

नंतर पालचा घाट, त्याच भारात. जिथे दुसरा मरत होता तिथे दुसऱ्यातच चढली, क्लचचा वास नाही. वर पोचल्यावर हौसिंगला हात लावून पाहिला : गरम, पण हात टिकतो. पिनियनजवळचा भागच तेवढा जास्त तापला असता तर बेअरिंगचा दाब पुन्हा बघावा लागला असता. उतारावर ॲक्सिलेटर सोडल्यावर घूं असा आवाज नाही, म्हणजे ठसा दोन्ही बाजूंनी बरा आहे.

परतल्यावर चाकाचे नट पुन्हा ११० वर. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले.

२० जानेवारी

पाचशे किलोमीटर झाले. यू बोल्ट पुन्हा कसले, आठ नटांपैकी पाच थोडे फिरले. पाट्यांमधला गंज आणि रंग दबल्यावर असं होतंच, म्हणून ही कसणी टाळू नये. तेल बदललं. झाकणाच्या चुंबकावर राखाडी पेस्ट, कण नाहीत. ब्रेक लायनर कोरडे.

स्पीडोमीटर गिअर बॉक्सवरून चालतो, त्याला ॲक्सल आणि टायर बदलल्याचं कळत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५२.६ वर असते, किलोमीटरही त्याच प्रमाणात जास्त पडतात. केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर सुमारे १४ टक्के जास्त दातांचा हवा. जुना १५ दाती आहे, १७ दाती मागवला. १७ भागिले १५ म्हणजे १.१३३, उरणारी चूक एका टक्क्याच्या आत. तो येईपर्यंत डिझेलचा हिशेब नोंदींतल्या किलोमीटरांना ०.८७७ ने गुणून करायचा.